जादूची कादंबरी वाचलीत? मग ती जादू काय करू शकत नाही ते सांगा

येऊरकर

जादूच्या कादंबऱ्यांच्या परीक्षणांना तोटा नाही. पण त्यातली निम्मी मागच्या कव्हरवरचा मजकूर इकडचा तिकडे करून लिहिलेली असतात आणि उरलेली "वर्ल्ड बिल्डिंग जबरदस्त, पात्रं जिवंत, शेवट धक्कादायक, पाचपैकी साडेचार" एवढ्यावर आटोपतात. पुस्तक घ्यावं की नाही याचा पत्ता त्यातून लागत नाही. सहाशे-सातशे पानांचा ठोकळा, त्यावर "भाग पहिला" अशी धमकी, म्हणजे ठाणे-पनवेल गाडीत महिनाभर तेच ओझं वागवायचं. एवढं करून पदरात काय पडणार ते आधी कळायला हवं की नको?

म्हणून हा धागा. आवडलेल्या, नावडलेल्या, अर्ध्यात टाकलेल्या, सगळ्या जादूच्या कादंबऱ्यांवर लिहा. कथानक नको. नायक अनाथ आहे, गावावर संकट आलंय आणि पोराच्या अंगात काहीतरी विशेष आहे, हे आम्ही धरूनच चालतो. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या: या पुस्तकातली जादू काय करू शकत नाही?

जादू काय काय करते ते लिहिणं सोपं. आग लावा, वादळ आणा, माणूस गायब करा, लेखकाच्या खिशातून काही जात नाही. कस लागतो तो जादू अडते तिथे.

सुरुवात मीच करतो. उर्सुला ले ग्विन, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. सगळी दुनिया बेटांची. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्यावर सत्ता चालते. त्यामुळे लोक आपलं खरं नाव जपून ठेवतात, चारचौघांत दुसऱ्याच नावाने वावरतात. मग ही जादू कुठे अडते? ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला ती हात लावू शकत नाही. आणि गेड नावाचा पोरगा शाळेत चढाओढीपायी नेमकं असं काहीतरी मोकळं सोडतो, ज्याचं नाव कोणालाच माहीत नाही. पुढची सगळी कादंबरी या एका अडचणीवर उभी आहे.

पण मला सगळ्यात आवडतो तो सुरुवातीचा पावसाचा प्रसंग. गेडचा पहिला गुरू ओगियन मोठा जादूगार, त्याने म्हणे भूकंप थोपवलेला. गुरू-शिष्य डोंगरातून चाललेत आणि पाऊस येतो. त्या मुलखात जादूगार उदंड, त्यामुळे ढग आला की जो तो मंत्र टाकून तो शेजारच्या गावावर ढकलतो, शेजारचा पुढच्यावर, असं करत बिचारा ढग धक्के खात समुद्रावर जातो आणि तिथे एकदाचा निवांत पडतो. ओगियन मात्र काहीच करत नाही. एक दाट झाड बघतो आणि त्याखाली आडवा होतो. गेड झुडपात भिजत, कुढत बसतो: पाऊससुद्धा थांबवायचा नाही तर एवढी विद्या कशाला? एका पानात लेखिकेने गुरू दाखवला, शिष्य दाखवला आणि या जगात जादू वापरणं म्हणजे कुठेतरी कोणाचं तरी पाणी पळवणं आहे हेही सांगून टाकलं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांनी हे पान जुलैत वाचावं.

पुस्तक दोनशे पानांच्या आसपास. जरूर वाचा. आता तुमची पाळी.

आळशी_मांजर

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.

रबाळे_लोकल

वा, माझ्या आवडीचा प्रश्न. ब्रँडन सँडरसन, 'मिस्टबॉर्न', पहिला भाग २००६. इथले जादूगार धातूचा कीस गिळतात आणि पोटात तो "जाळतात". प्रत्येक धातूचं काम ठरलेलं. कथिल जाळलं की नजर, कान तीक्ष्ण होतात. पोलाद जाळलं की आसपासच्या धातूला ढकलता येतं, लोखंड जाळलं की ओढता येतं.

आता काय करता येत नाही ते ऐका. ढकलणं फक्त सरळ रेषेत, आपल्यापासून दूर. डावीकडची वस्तू उजवीकडे नेता येत नाही. आणि न्यूटनचा तिसरा नियम इथेही लागू. वस्तू तुमच्यापेक्षा हलकी असेल तर ती उडते, जड असेल तर तुम्ही उडता. म्हणून ही मंडळी रस्त्यावर नाणं टाकतात, त्याला वरून ढकलतात आणि नाण्याला खाली जायला जागा नसल्यामुळे स्वतः गच्चीवर पोचतात. चिलखत घातलेला शिपाई समोर आला तर त्याचं चिलखतच त्याच्या मुळावर येतं, म्हणून सरदारांचे खास पहारेकरी अंगावर धातूचा कणही न बाळगता लाकडी शस्त्रं घेऊन लढतात. पोटातला साठा संपला की जादूगार तुमच्या-आमच्यासारखा. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे महापे एमआयडीसीच्या बसमध्ये हे वाचताना मनातल्या मनात बलांच्या आकृत्या काढत होतो.

सँडरसनने २००७ मध्ये यावर एक लेखही लिहिलाय. त्याचा मतितार्थ असा की लेखक जादूने पेच सोडवणार असेल, तर ती जादू वाचकाला आधी तितकीच नीट समजलेली असली पाहिजे. नाहीतर ती फसवणूक.

चिंचेचं_झाड

येऊरकर, धागा छान, पण प्रश्न मला मान्य नाही.

सगळं मोजून मापून दिलं की उरतं काय? 'मिस्टबॉर्न' मीही वाचलंय. मारामारीची प्रकरणं वाचताना मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तिका वाचतोय असं वाटायला लागलं. कोणत्या बटणाने काय होतं ते पाठ झालं, अंगावर काटा मात्र एकदाही आला नाही.

आता सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' घ्या, २००४. नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड. यॉर्क शहरात विद्वानांचं एक मंडळ आहे, ते जादूवर निबंध वाचतं, पण जादू करत मात्र कोणीच नाही. करणं सभ्य माणसाला शोभत नाही! आणि मग नॉरेल नावाचा एक खडूस पुस्तकी माणूस यॉर्कच्या कॅथेड्रलमधल्या दगडी मूर्तींना बोलायला लावतो. त्या मूर्ती शेकडो वर्षांच्या मनात दाबून ठेवलेल्या तक्रारी एकदम सांगू लागतात. हे कसं झालं, कोणत्या मंत्राने, किती ताकद लागली? लेखिका सांगत नाही. सांगितलं असतं तर ते पान मेलं असतं.

जादू म्हणजे जे कळत नाही ते. तिची मोजपट्टी मागणारा वाचक चुकीच्या कपाटापाशी उभा आहे.

येऊरकर

चिंच, तुमचा मुद्दा पोचला. पण पुस्तक निवडलंत ते माझ्याच बाजूचं. (पुढे थोडा कथाभाग फुटतोय, न वाचलेल्यांनी ही प्रतिक्रिया सोडा.)

नॉरेलला एका मंत्र्याच्या मेलेल्या वाग्दत्त वधूला जिवंत करायचं असतं. त्याच्या स्वतःच्या जादूला ते जमत नाही, म्हणून तो परीलोकातल्या एका सद्गृहस्थाला बोलावतो. सौदा ठरतो: मुलगी जगेल, पण तिचं निम्मं आयुष्य त्याचं. नॉरेल हिशेब करतो की म्हातारपणीची वर्षं जातील, चालेल. पुढे कळतं की त्या गृहस्थाने निम्मं म्हणजे रोजच्या दिवसातलं निम्मं घेतलंय. दिवसा ती लंडनमध्ये, रात्रभर त्याच्या वाड्यात नाच. रोज. आणि हे कोणाला सांगायला तोंड उघडलं की तोंडातून भलत्याच कुठल्यातरी गोष्टी बाहेर पडतात, ऐकणाऱ्याला वाटतं बाई भ्रमिष्ट झाली.

म्हणजे जादू काय करू शकली नाही, आणि त्याचा भुर्दंड कोणी भरला, दोन्ही इथे आहे. नॉरेलला मात्र त्या प्रयोगाने सरकारदरबारी मान मिळाला.

चिंचेचं_झाड

अहो पण त्या गृहस्थाची स्वतःची जादू कुठे अडते? ते कोणालाच ठाऊक नाही, आणि म्हणूनच तो पानावर आला की पोटात गोळा येतो. तुमच्या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. नसावंच.

रबाळे_लोकल

मध्ये पडतो. मी वर जो नियम सांगितला त्यात "सोडवणार असेल तर" हे महत्त्वाचं आहे. क्लार्कच्या पुस्तकात त्या परीवाल्याची जादू पेच घालते. पेच घालणाऱ्या जादूचा हिशेब कोणी मागत नाही. पण शेवटच्या प्रकरणात नायक अचानक हात वर करून सगळं निस्तरणार असेल, तर तो हात आधी कुठेतरी दाखवायला हवा होता. तेव्हा प्रश्न असा सुधारून घ्या: जी जादू नायकाच्या कामी येते ती काय करू शकत नाही?

येऊरकर

मान्य. सुधारणा मंजूर.

चिंचेचं_झाड

मला अजूनही निम्मीच मान्य. असो, पुढे चला.

आळशी_मांजर

आले. या भांडणात मला नेओमी नोविकचं 'अपरूटेड' (२०१५) आणायचंय, कारण तिने तुम्हा दोघांनाही एकाच मनोऱ्यात राहायला लावलंय. पोलंडच्या लोककथांच्या वळणाचा मुलूख. गावाला लागून एक दुष्ट अरण्य, ते माणसं गिळतं. खोऱ्याचा रखवाला जादूगार दर दहा वर्षांनी एक मुलगी आपल्या मनोऱ्यात घेऊन जातो. यंदा नेली ती अग्नियेश्का. ही इतकी धांदरट की अंगावरचा फ्रॉक संध्याकाळपर्यंत फाटलेला किंवा मळलेला असणारच.

जादूगार रबाळेंच्या पंथातला. उच्चार बिनचूक, शब्द मोजके, एक अक्षर चुकलं तर मंत्र फुकट. हिला ते जमत नाही. हिला सापडते एका जुन्या चेटकिणीची वही, जी तमाम विद्वान जादूगारांनी निकामी ठरवलेली. त्यातले मंत्र गुणगुणत, अंदाजाने म्हणायचे असतात. जंगलात रोज तीच पायवाट कुठे असते, आज इकडून उद्या तिकडून, असं ती त्याला समजावते आणि तो संतापतो. दोघं मिळून एक मंत्र म्हणतात तो प्रसंग या पुस्तकाचा कळस आहे, मग पुढे उगाच राजधानीत जाऊन कंटाळा करतात. मधली शंभर पानं भराभर उलटा.

कुठे अडते: अरण्याने आत ओढलेलं माणूस बाहेर काढलं तरी ते तेच माणूस आहे का, याची खात्री जादू सहजासहजी देत नाही.

वास्तववादी

चाळिशी आली तरी परी आणि मंत्र? देशात विषय कमी आहेत का?

आळशी_मांजर

अलीकडे आपण काय वाचलंत तेही लिहा, धागा सर्वांसाठी आहे.

रबाळे_लोकल

क्लार्क यांच्याच 'पिरानेसी'ला २०२१ चं विमेन्स प्राइझ मिळालं. परीक्षक मंडळाची मुंज झालेली होती असं ऐकून आहे.

जुना_वाचक_नौपाडा

वास्तववादींना उत्तर मी देतो, कारण मी सत्तरीचा आहे.

जी. ए. कुलकर्णींचा 'रमलखुणा' १९७५ चा. त्यात दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. 'इस्किलार' उघडा. कुठला देश, कुठला काळ, काही पत्ता नाही. देव निराळे, विधी निराळे, भाषासुद्धा निराळी. "सेरिपी इस्कहार एली" हे शब्द आमच्या पिढीतले कित्येक जण अजून तोंडपाठ म्हणून दाखवतील. पोरकट म्हणायची हिंमत कोणी केली नाही. येऊरकरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असं की भविष्य कळू शकतं, त्यातून सुटका मात्र होत नाही.

मागे गेलात तर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, म्हणजे मराठी कादंबरी रांगायला लागली तीच अद्भुताचा हात धरून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या. नंतर घरोघरी चांदोबा, त्यातला वेताळ. विक्रमाने मौन सोडलं की प्रेत पुन्हा झाडावर! आता बघा, वेताळाकडे प्रचंड शक्ती, पण राजा गप्प राहिला असता तर तो काय करणार होता? आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शंभर शकलं. दोन्हीकडून बांधलेला राजा. असली चोख रचना सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त अकराव्या शतकात आलेली आहे.

ही जुनी पुस्तकं कुठे बघायची असं विचाराल तर आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच. १८९३ चं. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने निघालेलं. फक्त जाऊन "फॅन्टसी द्या" म्हणू नका. लेखकाचं नाव सांगा.

येऊरकर

काका, दंडवत. तिलिस्मावरही लिहा ना. मागे एकदा तलावपाळीवर गप्पा मारताना तुम्ही सांगत होता ते इथे यायला हवं.

जुना_वाचक_नौपाडा

लिहितो.

देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता', १८८८. ही वाचण्यासाठी कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असं हिंदीच्या इतिहासात सांगतात. नव्वदच्या दशकातली टीव्ही मालिका ज्यांनी पाहिली त्यांना वाटतं की त्यात सगळी जादूच जादू. कादंबरीत तसं नाही. तिथले ऐयार म्हणजे हेर. वेषांतर, चपळाई आणि कमरेला बटवा. बटव्यात बेहोशीची पूड आणि शुद्धीवर आणायला लखलखा. तेजसिंह कोणाचाही चेहरा घेऊन समोर येतो, पण त्यासाठी त्याला रंग लावत बसावं लागतं, पाण्याने तोंड धुतलं की भांडं फुटलं. तिलिस्म म्हणजे यंत्रं, कळा, चोरदरवाजे यांनी बांधलेला खजिन्याचा चक्रव्यूह. अद्भुत दिसतं ते कोणीतरी कारागिरी करून ठेवलेलं असतं.

उर्दूतल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त मात्र जादू अस्सल. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून हे प्रचंड ग्रंथ काढले, लिहिणारे मुहंमद हुसैन जाह आणि पुढे अहमद हुसैन क़मर. अफ़रासियाब हा जादूगारांचा बादशहा, आणि त्याच्या विरुद्ध अम्र ऐयार, ज्याच्या झोळीत अख्खं जग मावतं. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी: तिलिस्म कितीही अभेद्य असला तरी तो मोडायचा उपाय बांधतानाच त्यात घातलेला असतो. लौह नावाची एक पाटी, तिच्यावर तोडगा लिहिलेला, आणि मोडणाऱ्याचं नावसुद्धा आधीच ठरलेलं. बांधणाऱ्याला आपल्याच तिलिस्मातून ते कलम काढता येत नाही. रबाळेंचे नियम एकोणिसाव्या शतकातल्या लखनौच्या दास्तानगोंनाही, म्हणजे अशा लांबलचक कथा सांगणाऱ्यांनाही, ठाऊक होते म्हणायचे.

रबाळे_लोकल

काका __/\__

सीवूडची_शमा

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी अकरा वर्षांची, हॅरी पॉटर सातही भाग संपवून आता पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी माध्यम. तिला पुढे काय देऊ? सासूबाईंनाही उत्सुकता आहे की नात एवढं काय वाचते, त्यांना मराठीतच हवं.

आळशी_मांजर

शमाताई, सासूबाईंचं काम सोपं. 'हॅरी पॉटर आणि परीस' घ्या, मंजुलने काढलंय. आजी आणि नात एकच पुस्तक दोन भाषांत वाचतील आणि जेवताना भांडतील.

मुलीसाठी डायना विन जोन्स यांचं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', १९८६. टोप्यांच्या दुकानातली सोफी. एक चेटकीण तिला एका फटक्यात नव्वदीची म्हातारी करून टाकते आणि वर अशी अट की या शापाबद्दल सोफीला कोणाला सांगताच येणार नाही. (येऊरकर, तुमच्या नाचणाऱ्या बाईसारखंच!) पण इथे मजा निराळी. म्हातारी झाल्यावर सोफीची भीड चेपते. तरुण असताना दुकानाबाहेर पडायला घाबरणारी पोरगी गुडघे दुखत असताना जादूगाराच्या घरात घुसते, झाडूपोछा काढते आणि त्यालाच सुनावते. जपानी सिनेमा २००४ मध्ये आला, तो सुंदर आहे, पण पुस्तक निराळं आणि जास्त विनोदी. आधी पुस्तक.

चिंचेचं_झाड

शमाताई, टेरी प्रॅचेटचं 'द वी फ्री मेन' (२००३) पण. नऊ वर्षांची टिफनी, मेंढपाळांच्या घरातली, लोणी-चीज करण्यात पटाईत. नदीतून हिरवी राक्षशीण वर येते तेव्हा ही आधी पुस्तकात बघून येते की हिचे डोळे नक्की केवढे, मग धाकट्या भावाला काठावर आमिष म्हणून बसवते आणि तळणीचा तवा घेऊन दबा धरते. तुमच्या मुलीला धाकटा भाऊ असेल तर मात्र जरा लक्ष ठेवा.

येऊरकर

शमाताई, मुलीला एक विचारा. पॉटरच्या शाळेत रोज पंचपक्वान्नं ताटात प्रकट होतात. मग सातव्या भागात तिघं रानात उपाशी का मरतात? तिथे हर्मायनी सांगते की अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही. सहा भाग होऊन गेल्यावर! मला ते तेव्हाही खटकलं होतं. नियम चांगला, पण उशिरा आला.

सीवूडची_शमा

विचारलं. तिचं म्हणणं: "ताटातलं अन्न स्वयंपाकघरातले एल्फ करतात आणि वर पाठवतात, ते चौथ्या भागात आहे. तुझ्या त्या काकांनी नीट वाचलेलं नाही."

रबाळे_लोकल

:ड :ड येऊरकर, चहा माझ्याकडून.

येऊरकर

पोरगी आमच्या धाग्यावर हवी होती. पण जगण्याच्या मुळाशी असलेला नियम सातव्या भागापर्यंत तोंडी का येत नाही, हा माझा प्रश्न उरतोच.

कोपरीचा_कोपरा

पुस्तकं मिळवता कुठून तुम्ही लोक? नवी घ्यायची तर खिसा रिकामा. हॉलमध्ये किलोच्या भावाने पुस्तकं लागतात तिथे गेलो तर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, जादूच्या कादंबऱ्या किलोवर घेणं म्हणजे स्वतःहून लुटून घेणं, कारण वजन! दोन, भाग दुसरा हमखास मिळतो, पहिला कधीच नाही. पहिले भाग जातात कुठे?

आळशी_मांजर

पहिला भाग लोकांनी ज्याला-त्याला वाचायला दिलेला असतो, तो परत येत नाही. दुसरा कोणी मागतच नाही.

माझी पद्धत सांगते. ॲपवर "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून जी यादी येते तिच्यात फिरून-फिरून तीच पाच नावं. त्याऐवजी आवडलेल्या लेखकाची मुलाखत शोधा, लहानपणी काय वाचलं ते तो सांगतोच. तिथून मागे जायचं. आणि ई-बुकचं फुकट मिळणारं नमुना प्रकरण आधी वाचा. पहिल्या प्रकरणात नकाशा, वंशावळ आणि भविष्यवाणी, तिन्ही आली की मी बंद करते.

चिंचेचं_झाड

माटुंग्याला किंग्ज सर्कलची आणि फोर्टातल्या फुटपाथची जुनी पुस्तकं. शनिवारी सकाळी जा. घासाघीस करताना "मला हेच हवंय" असा चेहरा करायचा नाही.

कोपरीचा_कोपरा

पॅट्रिक रोथफसची मालिका कशी आहे? पहिला भाग मिळतोय, आश्चर्य म्हणजे.

रबाळे_लोकल

'द नेम ऑफ द विंड', २००७. भाषा सुरेख, वाऱ्याचं नाव शोधणारा गायक-जादूगार, विद्यापीठाची फी भरताना त्याची होणारी ओढाताण तर अप्रतिम. दुसरा भाग २०११ चा.

ही जादू काय करू शकत नाही? तिसरा भाग काढू शकत नाही.

कोपरीचा_कोपरा

समजलो. ठेवून आलो.

चिंचेचं_झाड

मीही एक भर घालतो. अर्थसीतला गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, तिथले बहुतेक लोक सावळे-काळे. २००४ च्या टीव्ही मालिकेत त्याला गोरा केला आणि ले ग्विनबाईंनी त्यावर उघड नाराजी लिहून प्रसिद्ध केली. पहिल्या भागात बायकांना जादूच्या शाळेत जागा नाही हे मात्र त्यांनाही नंतर सलत असावं, १९९० च्या 'तेहानू'त त्या त्याच जगात परत गेल्या आणि सगळं एका विधवेच्या चुलीपाशी बसून सांगितलं. ज्यांना तलवारी हव्यात त्यांनी तिकडे फिरकू नये. मला ते अर्थसीच्या पहिल्या चार पुस्तकांत सगळ्यात आवडतं.

येऊरकर

'तेहानू'वर वेगळा धागा काढा, मी भांडायला येतो.

घणसोलीची_गौरी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. एन. के. जेमिसिन, 'द फिफ्थ सीझन', २०१५. या मालिकेच्या तिन्ही भागांना ओळीने तीन वर्षं, २०१६ ते २०१८, ह्यूगो पुरस्कार मिळाला. तसं आधी कोणाच्या बाबतीत झालं नव्हतं.

एक खंड, जिथे जमीन कधीच स्वस्थ नसते. काही शतकांनी एखादा उत्पात असा होतो की राखेने आभाळ झाकलं जातं, पिकं जातात, माणसं माणसाला खातात. या मुलखात काही जण असे जन्मतात की भूकंप थांबवू शकतात. लागणारी ऊर्जा जमिनीतून ओढतात, आणि तिथून पुरेशी मिळाली नाही तर भोवतालच्या उष्णतेतून. म्हणजे त्यांच्याभोवती एक वर्तुळ गोठतं, त्यात जो असेल तो गेला. न शिकलेल्या लहान मुलाच्या हातून घाबरून असं झालं तर? तेव्हा अशी मुलं सापडली की एक तर गावकरीच त्यांना मारतात, नाहीतर सरकारी माणूस येऊन शिकवायला घेऊन जातो. शिकवणीच्या पहिल्या दिवसांतला एक प्रसंग आहे: घोड्यावर बसलेली छोटी मुलगी, मागे तिचा रखवालदार, तो तिच्याशी अगदी मायेने बोलतोय. आणि बोलता बोलता तिचा हात मोडतो. ती वेदनेतही ताबा ठेवू शकते का, ते बघायला. मी मोबाइल बाजूला ठेवला आणि कोपरखैरणे कधी आलं ते कळलं नाही.

सुरुवातीला त्रास होतो. एक सूत्र "तू" असं वाचणाऱ्याला उद्देशून लिहिलंय, शब्द नवे, तारखा उलटसुलट. शेवटी शब्दार्थांची यादी आहे, तिकडे जाऊ नका. शंभरेक पानांत सगळं आपोआप बसतं.

ही जादू काय करू शकत नाही: ज्यांच्या जिवावर सगळी शहरं उभी आहेत, त्यांना ती त्याच शहरात माणूस म्हणून राहू देऊ शकत नाही. भूकंप थांबवला तरी शिवी तीच.

चिंचेचं_झाड

येऊरकर, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर मला चालेल.

येऊरकर

गौरीताई, ई-बुक की छापील? छापील असेल तर वाचायला मिळेल का?

घणसोलीची_गौरी

ई-बुक वाचलं, पण मग छापीलही घेतलं. पहिला भाग आहे, तो देते. शनिवारी ठाण्याला येणार आहे, ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर दहाला. फक्त परत हवा, वर मांजरताईंनी काय लिहिलंय ते वाचलंय मी.

कोपरीचा_कोपरा

यांच्यानंतर माझा नंबर.

जुना_वाचक_नौपाडा

माझा आधी. वयाचा मान ठेवा.